झाड पाहिले, माती पाहिली का?



एखाद्या मोठ्या बंदरात परदेशातून आलेली शोभेची झाडे उतरताना पाहण्याचा योग आला, तर झाडांपेक्षा माणसांकडे अधिक लक्ष द्या. झाड मागवणारा व्यापारी खोडाचा बाक पाहतो, फांद्यांचा घेर पाहतो, वाटेत पाने कोमेजली तर नाहीत ना ते पाहतो. चीनमधील निंगबो बंदरात जपानहून मेपल, पाइन यांसारखी झाडे येतात. मुळांभोवतीचा मातीचा गोळा तसाच ठेवून ती बांधलेली असतात. तेथील संगरोध प्रयोगशाळेचा माणूस मात्र या झाडांच्या पानांकडे फारसे पाहत नाही. मुळांलगतची पसाभर माती तो पिशवीत घालतो, पिशवीवर चिठ्ठी लावतो आणि निघून जातो. संगरोध हा शब्द अवघड वाटला, तर २०२० च्या साथीत आपण सगळे ज्याला क्वारंटाइन म्हणत होतो ते आठवा. माणसांसाठी जे आपण तेव्हा केले, तेच झाडांसाठी बंदराबंदरांवर वर्षानुवर्षे चालू आहे.

त्या पसाभर मातीत तो सूत्रकृमी शोधत असतो. सूत्रकृमी म्हणजे दोऱ्यासारखा कृमी. माणसाच्या पोटातले जंत हे याच संघातले मोठे भाऊ. मातीतले सूत्रकृमी बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास लांब आणि काचेसारखे पारदर्शक असतात, म्हणून ओंजळभर मातीत हजारोंनी असूनही ते आपल्याला कधी दिसत नाहीत. त्यांतले पुष्कळसे जिवाणू किंवा बुरशी खाऊन राहतात आणि जमिनीचा कस टिकवायला मदतच करतात. त्यांच्याशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते वनस्पतींवर जगणाऱ्यांशी. यांच्या तोंडात एक पोकळ सुई असते. ती मुळाच्या पेशीत खुपसून ते रस शोषतात. काही तर मुळात शिरून तेथेच मुक्काम ठोकतात. अशा परोपजीवी सूत्रकृमींच्या चार हजारांहून अधिक जाती आजवर वर्णन केल्या गेल्या आहेत आणि दरवर्षी त्यांत नव्यांची भर पडते.

आता एक गंमत पाहा. हा प्राणी स्वतःच्या बळावर मातीतून वर्षाकाठी फार तर मीटरभर सरकतो. या गतीने शेजारच्या शेतात जायलाही त्याच्या कित्येक पिढ्या खपतील. समुद्र ओलांडायचा तर त्याला वाहन हवे, आणि ते आपण पुरवतो. मातीच्या गोळ्यासकट झाड जहाजावर चढले की दोन-तीन आठवड्यांत तो दुसऱ्या देशात पोहोचतो. तेही भुकेला न राहता, कारण त्याचे अन्न त्याच्याबरोबरच प्रवास करत असते!

मातीतून हे कृमी बाहेर कसे काढतात? त्याची एक जुनी आणि अतिशय सोपी रीत आहे. १९१७ मध्ये बेअरमान नावाचा संशोधक जावा बेटावर अंकुशकृमींचा अभ्यास करत होता. अंकुशकृमी माणसाच्या आतड्यात राहतात, पण त्यांची पिले मातीत वाढतात. ती पिले मातीत शोधण्यासाठी त्याने ही युक्ती काढली. एक काचेचे नरसाळे घ्या. त्याच्या नळीला रबरी नळीचा तुकडा लावून तो चिमट्याने बंद करा. नरसाळ्यात पाणी भरा. वर जाळीवर पातळ कापड पसरून त्यात दोन चमचे माती ठेवा, आणि पाणी मातीला खालून जेमतेम टेकेल असे करा. आता एक-दोन दिवस वाट पाहा. कृमी वळवळत कापडातून पाण्यात उतरतात. त्यांना धड पोहता येत नाही, म्हणून ते हळूहळू बुडतात आणि चिमट्यापाशी गोळा होतात. चिमटा सैल करून थोडे पाणी काचेच्या बशीत घेतले आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की वळवळणारे धागे दिसू लागतात. शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की हा प्रयोग त्यांनी एकदा करावाच. साहित्य प्रत्येक प्रयोगशाळेत असते, आणि पायाखालची माती जिवंत आहे हे सांगण्यासाठी मग व्याख्यानाची गरज उरत नाही. अर्थात, जे कृमी हालचाल करत नाहीत किंवा फार मंद असतात ते या रीतीने सापडत नाहीत. त्यांच्यासाठी माती पाण्यात ढवळून बारीक चाळण्यांतून गाळावी लागते.

कृमी दिसला इथवर ठीक. पण तो कोण? बंदरावरच्या त्या माणसाची खरी परीक्षा येथे सुरू होते. त्याच्यापुढे एक यादी असते. अमुक कृमी देशात येता कामा नये, तमुक सापडला तर माल परत पाठवा, अशी. यादीत नावे असतात, आणि कृमीच्या अंगावर तर नाव लिहिलेले नसते. म्हणून तो मोजू लागतो. लांबी किती, लांबीला जाडीने भागले तर काय येते, सुई किती मायक्रॉनची, शेपूट टोकदार की बोथट. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी असेल तर मादीच्या मागच्या टोकाच्या त्वचेचा तुकडा कापून त्यावरच्या रेषा पाहतात. त्या आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात. मादी असते टाचणीच्या डोक्याहून लहान. तिचा ‘ठसा’ घ्यायचा म्हणजे हात किती स्थिर हवा याची कल्पना करा. अलीकडे याच्या जोडीला डी.एन.ए.चा क्रम वाचतात आणि आधी वाचलेल्या क्रमांशी ताडून पाहतात.

आणि एखाद्या दिवशी असे होते की मापे जुळत नाहीत, रेषा जुळत नाहीत, डी.एन.ए.ही जुळत नाही. कृमी सुईवाला आहे, म्हणजे बहुधा परोपजीवी आहे, पण कुठल्याच ग्रंथात नाही. नवी जाती!

वर्तमानपत्रांत नवा पक्षी किंवा नवे फूल सापडल्याची बातमी चौकटीत येते. नव्या सूत्रकृमीची येत नाही. मला स्वतःला शाळेत असताना वर्गीकरण हा जीवशास्त्रातला सर्वांत रटाळ भाग वाटे. लॅटिन नावे पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. नाव ठेवणे म्हणजे कारकुनी, खरे शास्त्र वेगळेच, अशी माझी समजूत होती. पुष्कळ शिक्षकांचीही ती आहे, असे मी धीटपणे म्हणतो. ती चुकीची कशी आहे हे मला एल्म वृक्षाच्या एका हकिकतीने पटले.

एल्म हा युरोपातला रस्त्याकडेचा लाडका वृक्ष, आपल्याकडच्या वावळाच्या कुळातला. विसाव्या शतकात एका बुरशीच्या रोगाने युरोपात एल्म मोठ्या संख्येने मरू लागले. तेव्हा नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी रोगाला दाद न देणारे एल्म तयार करण्याचे काम हाती घेतले. आशियातले एल्म या रोगाला अधिक चांगले तोंड देतात, म्हणून तेथून झाडे आणली, संकर केले, आणि निवडलेली रोपे चाचणीसाठी युरोपातल्या अनेक देशांत पाठवली. काम उत्तम, हेतू त्याहून उत्तम.

पुढे २००० मध्ये इटलीतल्या दोन संशोधकांनी एल्मच्या मुळांवर गाठी करणाऱ्या एका सूत्रकृमीचे वर्णन केले. तो त्यांना नवा वाटला. त्यांनी त्याला एल्मच्याच लॅटिन नावावरून ‘मेलॉयडोगायनी उल्मी’ असे नाव दिले. युरोपातल्या झाडावर युरोपात सापडलेला कृमी. कोणाला वाटेल की तो येथलाच, पूर्वापार असलेला, फक्त उशिरा दिसलेला. पण २०१३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ठसे, विकरे आणि डी.एन.ए. अशा तिन्ही बाजूंनी तपासणी करून दाखवले, की हा नवा नव्हेच. जपानमध्ये सफरचंदाच्या मुळांवर १९६९ मध्ये वर्णन केलेला ‘मेलॉयडोगायनी माली’ तो हाच. एकाच प्राण्याला दोन पारपत्रे मिळाली होती! एल्मच्या प्रजननासाठी आणलेल्या झाडांबरोबर तो नेदरलँड्समध्ये आला आणि तेथून चाचणीच्या रोपांबरोबर इतरत्र पांगला, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. पुढे तो इंग्लंडमध्येही एल्मच्या चाचणी-लागवडीतच मिळाला.

विचार करा, झाडे वाचवण्यासाठी झाडे आणली आणि त्यांच्या मुळांतून झाडांचा दुसरा शत्रू आणला. त्या शास्त्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. पण नावाचा घोळ तेरा वर्षे राहिला, आणि त्या तेरा वर्षांत जो उल्मी शोधत होता त्याच्या यादीत सफरचंद नव्हते, जो माली शोधत होता त्याच्या डोळ्यांपुढे युरोप नव्हता. नाव चुकले की शोधण्याची जागाच चुकते.

उलट प्रकारचा घोळही होतो, म्हणजे अनेकांना एकच नाव. कॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ‘झिफिनेमा अमेरिकॅनम’ या लांब सुईच्या सूत्रकृमीचे वर्णन केले. त्यानंतर जगात जिथे जिथे तसा कृमी मिळाला तिथे तिथे तेच नाव चिकटवले गेले. १९७९ मध्ये लांबेर्ती आणि ब्लेवे-झाकेओ या इटालियन संशोधकांनी हे सारे नमुने पुन्हा मोजायला घेतले आणि त्यांतून एकदम पंधरा नव्या जाती वेगळ्या केल्या. आज या गटात पन्नासाहून अधिक जाती मानतात. त्यांच्यातला फरक थोड्या मायक्रॉनांचा. मग इतका कीस काढायचा कशाला, असे तुम्ही विचाराल.

त्याचे उत्तर असे की या गटातल्या मोजक्याच जाती वनस्पतींचे काही घातक विषाणू एका मुळातून दुसऱ्या मुळात नेतात, असे सिद्ध झाले आहे. सूत्रकृमी विषाणू वाहून नेऊ शकतो हेच मुळी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांत, याच वंशाच्या दुसऱ्या एका जातीवर, प्रथम दाखवले गेले. तेव्हा बोन्सायच्या कुंडीतून मिळालेला कृमी या गटातल्या नेमक्या कोणत्या जातीचा, यावर माल सोडायचा की जाळायचा हे ठरायला हवे. ओळखणारा माणूस नसेल तर दोनच मार्ग उरतात: सगळ्यांनाच गुन्हेगार धरायचे, किंवा सगळ्यांनाच सोडून द्यायचे. युरोपीय देशांनी बराच काळ पहिला मार्ग पत्करला. युरोपाबाहेरून आलेला या गटातला कोणताही कृमी त्यांनी संशयित मानला. माझ्या मते ते शहाणपणाचे होते, पण ती आपल्या अज्ञानाची किंमत होती, आणि ती बिचाऱ्या निर्दोष बागवानांनीही भरली.

कोणी म्हणेल, आता डी.एन.ए. आहे, यंत्र सांगेल नाव. यंत्र नाव सांगत नाही. ते आधी कोणीतरी नोंदवलेल्या नावाशी तुलना करते. ती नोंद करताना कृमी चुकीचा ओळखला असेल तर यंत्र तीच चूक निष्ठेने पुन्हा सांगते, आणि अशा चुकीच्या नोंदी संग्रहांत आहेत. म्हणून नव्या जातीचे वर्णन करताना मूळ नमुना काचपट्टीवर कायम जपून ठेवण्याची पद्धत आहे. शंभर वर्षांनीही कोणी येऊन तो पुन्हा मोजू शकतो. आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत असा राष्ट्रीय सूत्रकृमी-संग्रह आहे. या शास्त्रात भारत मागे नव्हता, हेही तुम्हांला ठाऊक असावे. अलीगढला शिकलेल्या एम. आर. सिद्दिकी यांचा ‘टायलेंकिडा’ या गणावरचा १९८६ चा ग्रंथ जगभरचे अभ्यासक हाताशी ठेवतात. बहुतेक परोपजीवी सूत्रकृमी याच गणातले. पण अशी माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत. वीस वर्षे डोळा सूक्ष्मदर्शकाला लावल्यावर नजर तयार होते. तेव्हा तुमच्यापैकी एखाद्याला किंवा एखादीला बारीक फरक टिपण्याची आवड असेल, तर घरच्यांनी आणि शिक्षकांनी ‘यात काय भविष्य?’ असे विचारून तिला वाटेतच परतवू नये, इतके तरी मी मागतो.

असे असूनही, नुसत्या नावांवर विसंबणे मला मान्य नाही. यादी नेहमी उशिराच तयार होते. आधी झाडे मरतात, मग कृमी सापडतो, मग नाव मिळते, मग ते यादीत जाते. ज्याचे नावच नाही त्याला अडवायला यादी काय कामाची? त्यामुळे यादी कितीही वाढवली तरी मातीचा गोळा समुद्र ओलांडतो आहे तोवर धोका आहेच. अडवायची तर मातीच अडवली पाहिजे.

बागवानांचा यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. पन्नास वर्षांचे झाड मुळे धुऊन, माती काढून पाठवले तर त्याची बारीक मुळे तुटतात आणि झाड जगणे कठीण होते. विषारी धुरी द्यावी तर ओल्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत ती सारखी पोहोचत नाही, आणि पोहोचेल इतकी दिली तर झाडालाच बाधते. शिवाय माती धुतल्याने मुळांबाहेरचे कृमी जातील, पण गाठींच्या आत बसलेली मादी तिच्या शेकडो अंड्यांसह तशीच राहील. हे सगळे खरे आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला त्यांच्याहून वेगळा दिसतो. जे झाड मातीशिवाय येऊच शकत नाही, ते आणू नये. हवे असेल तर बी आणावे, किंवा प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने बाटलीत वाढवलेले रोप आणावे, आणि येथे लावून वाढवावे. जळगावच्या केळीबागांत ऊतीसंवर्धित रोपे कशी रुळली आहेत ते आपण पाहतोच. कंदांबरोबर मुळे पोखरणारा सूत्रकृमी येण्याची भीती त्यांनी टळते. आयते पन्नास वर्षांचे झाड बंगल्यापुढे उभे करण्याची हौस थोडी आवरावी लागेल, इतकेच.

आपल्या देशात परवान्यावाचून परदेशी माती आणण्यास कायद्याने मनाई आहे. वनस्पतींच्या किडींविषयीचा मूळ कायदा तर १९१४ चा आहे. तरीही १९६१ मध्ये निलगिरीत बटाट्याच्या मुळांवर सोनेरी पुटीचा सूत्रकृमी सापडलाच. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत. त्याची पुटी मोहरीच्या दाण्याहून लहान असते, आत शेकडो अंडी असतात आणि ती मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तो आजही तेथून पूर्णपणे गेलेला नाही.

शोभेच्या झाडाची गोष्ट परसातल्या फळझाडापर्यंत कशी येते, ते आता सांगतो. १९८३ मध्ये चीनच्या हाइनान बेटावर, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका सावलीच्या झाडाच्या मुळांवरून गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची एक नवी जाती वर्णन केली गेली. झाड शिरीषाच्या गोत्रातले, कानाच्या आकाराच्या शेंगांचे. त्याचे नाव एन्टेरोलोबियम. म्हणून कृमी ‘मेलॉयडोगायनी एन्टेरोलोबी’. १९८८ मध्ये पोर्तो रिको बेटावर वांग्याच्या मुळांवरून आणखी एक जाती वर्णन झाली. पुढे कळले की तीही हीच. या जातीच्या मादीवरचा ठसा आपल्याकडच्या नेहमीच्या ‘इन्कॉग्निटा’ जातीशी इतका मिळतो की तेवढ्यावर विसंबणारा सहज फसतो. पण स्वभाव वेगळा. टोमॅटोच्या ज्या वाणांवर इन्कॉग्निटाचे काही चालत नाही त्यांवरही ही जाती बेलाशक पोसते. २०१६ मध्ये तमिळनाडूत पेरूवर ती असल्याची नोंद झाली. पेरूची झाडे पिवळी पडतात, पाने गळतात, वाढ खुंटते, आणि उपटून पाहावे तर मुळे गाठींनी भरलेली. ही जाती लांब पल्ला गाठते ती रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीतून, मातीसकट.

तेव्हा बंदर फार दूर आहे असे समजू नका. या पावसाळ्यात घरी किंवा शाळेत रोप आणाल तेव्हा पिशवी एका बाजूने चिरा आणि मुळे पाण्यात हलकेच धुऊन पाहा. तूर, भुईमूग अशा शेंगवर्गीय रोपांच्या मुळांवर उपयुक्त जिवाणूंच्या गाठी असतात. त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि कापल्यावर बहुधा आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण मूळच तेथे सुजलेले असते. पेरूच्या किंवा वांग्याच्या रोपावर अशी गाठ दिसली तर ते लावू नका. ज्याच्याकडून आणले त्याला मुळे दाखवा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांच्या कानावर घाला. त्या मातीवर बेअरमानचा प्रयोग करणार असाल तर अवश्य करा. मात्र प्रयोग झाल्यावर नरसाळ्यातले पाणी आणि माती शाळेच्या बागेत ओतू नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्हींना चांगली उकळी आणा, आणि मगच टाका.